पंचनामा कोण वाचणार?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शिका' हा आदेश आपल्याला दिला आणि समाज शिकला, यात शंका नाही. आज आपल्या घराघरांत शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेत आणि रेल्वेत नोकरी करणारे आहेत. आयटीआय आणि तंत्रनिकेतनातून आपली मुले दरवर्षी बाहेर पडतात. पण गावात अत्याचार झाला की त्या रात्री पोलीस ठाण्यात फिर्यादीच्या शेजारी बसून प्रथम खबर वाचू शकेल, पंचनाम्यात काय लिहिले व काय गाळले हे सांगू शकेल, असा एक तरी माणूस आपल्याला तालुक्यात सापडतो काय? चळवळीने आता हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यात मी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो. पोराला भर चौकात मारले होते. मोर्चा प्रचंड निघाला, आरोपींना अटक झाली. खटला उभा राहिला तेव्हा मात्र एकेक गोष्ट बाहेर आली. पोराचा रक्ताने भरलेला शर्ट आईने दुसऱ्या दिवशी धुऊन टाकला होता. मारहाणीचे मोबाईलवरचे चित्रीकरण या फोनवरून त्या फोनवर फिरले आणि मूळ चित्रीकरण ज्या फोनमध्ये होते तो फोन विकला गेला. दोन्ही पंचांनी कोर्टात सांगितले की आम्ही ठाण्यातच सह्या केल्या, जागेवर गेलोच नाही. फिर्यादीचे जातप्रमाणपत्र वेळेवर दाखल झाले नव्हते. आरोपी सुटले. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर पोराच्या बापाने मला विचारले, "साहेब, मोर्चाला एवढी माणसं होती, मग आपण हरलो कसे?" त्या बापाला काय उत्तर द्यावे, हे मला त्या वेळी सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

मोर्चामुळे अटक होते, शिक्षा मात्र पुराव्याने होते. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, पुरलेली प्रेते उकरून ते दुसऱ्यांदा करावे लागले. सारा महाराष्ट्र पेटून उठला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे सिद्ध झाली नाहीत. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तीच भूमिका कायम ठेवली. ज्या घटनेकडे साऱ्या जगाने जातीय अत्याचार म्हणून पाहिले, तिच्या निकालात जात उरली नाही! नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्या एका शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. व्यवस्था जातीयवादी आहे हे खरेच. पण जातीयवादी व्यवस्थेला पळवाट लागते, आणि ती पळवाट बहुतेक वेळा तपासाच्या पहिल्या काही दिवसांतच तयार होते.

बाबासाहेबांनी हे जाणले होते. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, पण ते फौजदारी कोर्टात उभे राहणारे बॅरिस्टरही होते हे विसरतो. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात ते जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले आणि अपिलात आरोपी सुटले. मार्च १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी अनुयायांना शांत ठेवले, प्रतिहल्ला होऊ दिला नाही, आणि कायद्याचा मार्ग धरला. काही हल्लेखोरांना सक्तमजुरी झाली. चवदार तळ्याचा दिवाणी दावा तर १९३७ सालापर्यंत चालला आणि उच्च न्यायालयात तो आपण जिंकलो. रस्त्यावरचा सत्याग्रह आणि कोर्टातली कागदपत्रे हे दोन्ही लढे त्यांनी एकाच वेळी लढवले. आपण त्यातला एकच उचलला.

आता कायदा बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद आहे, आणि राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अंमलात आणायची आहे. मोबाईलवरचा पुरावा द्यायचा तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ आहे. आरोपीच्या जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि त्यात म्हणणे मांडण्याचा अधिकार पीडिताला त्याने दिला. दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल झाले पाहिजे, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हेही कायद्यात आणि नियमांत आहे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे?

अमेरिकेत गुन्हे, पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचा एकत्रित अभ्यासक्रम दोन वर्षांच्या साध्या तंत्र महाविद्यालयांतही शिकवतात. कामगारांची, गरिबांची मुले नोकरी सांभाळून तो करतात. आपल्याकडे मात्र हा विषय एलएल.बी.च्या किंवा पोलीस प्रशिक्षणाच्या चार भिंतींत कोंडला आहे. सुतारकाम, वायरिंग तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये शिकवता येते, मग घटनास्थळाचा नकाशा काढणे, ठसे जपणे, मोबाईलचा पुरावा सुरक्षित ठेवणे का शिकवता येऊ नये? हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू करा, अशी मागणी आपण शासनाकडे लावून धरली पाहिजे.

पण शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले आहे. बारावी विज्ञानाला असलेल्या आपल्या मुलामुलींना मेडिकल आणि इंजिनिअरिंगखेरीज हाही रस्ता आहे हे कोणी सांगतच नाही. उद्या रक्ताचा नमुना तपासणारा, अहवालावर सही करणारा हात आपल्या समाजातला असेल, तर अहवाल कपाटात पडून राहणार नाही.

काही बांधव म्हणतील, वकीलसाहेब, पोलीस त्यांचे, सत्ता त्यांची, कायदा शिकून काय होणार? त्यांनी परभणीकडे पाहावे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. तो कागद आणि त्या मातेची न्यायालयात टिकून राहिलेली जिद्द यांच्या बळावर ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आंदोलन नसते तर प्रकरण दडपले गेले असते. आणि अहवाल नसता तर आंदोलनाच्या हाती काय राहिले असते?

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक जयंती मंडळाने वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढावा. डीजेचा एक तास कमी झाला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. त्या पैशातून तालुक्यातील एक मुलगी आणि एक मुलगा कायद्याला किंवा न्यायसहायक विज्ञानाला पाठवावा. महिन्यातून एका रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर फौजदारी कायद्याचा वर्ग घ्यावा. जवळच्या कोर्टातला आपला वकील त्यासाठी नाही म्हणणार नाही. त्या वर्गात एवढे तरी शिकवावे: रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत, वाळवून कागदात गुंडाळायचे. जखमी माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्यायचे आणि प्रत्येक जखमेची नोंद मागायची. प्रथम खबरेची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडायचे नाही. चित्रीकरण ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपायचा. जातप्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात तपासी अधिकाऱ्याकडे द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची.

त्या बापाच्या प्रश्नाला आज माझे उत्तर हे आहे: मोर्चाला हजारो माणसे होती, पण त्या रात्री ठाण्यात आपले एकही माणूस नव्हते. पुढच्या वेळी ते असले पाहिजे.

जयभीम!