पिस्तुलाला दिवा लावण्याआधी

निवृत्त झालेल्या आणि होऊ घातलेल्या फौजी मित्रांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घरात लायसन्सचं पिस्तूल आहे, त्याच्या नळीखाली बसवायचा दिवा, म्हणजे वेपन लाइट, कोणता घ्यावा? परदेशातला मुलगा नाहीतर भाचा व्हिडिओ पाठवतो. त्यात एक धडधाकट माणूस अंधाऱ्या घरात पिस्तूल धरून फिरतो आणि नळीखालचा दिवा लख्ख पेटतो. पाहणाऱ्याला वाटतं, हेच आपल्याला हवं होतं.

चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये हाच प्रश्न तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांनी विचारला. त्यांचं घराणं तंजावरचं. व्यंकोजीराजांच्या काळात दक्षिणेत आलेली मराठी त्यांच्या घरात अजून टिकून आहे. वय सत्तरीच्या पुढे, घरी पत्नी, आणि सुट्टीत येणारे नातवंडं. माझं उत्तर त्यांना फारसं रुचलं नाही. तरी ते इथे सविस्तर मांडतो, कारण ते पुण्या-साताऱ्याच्या घरांनाही तितकंच लागू आहे.

माझं मत असं: घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलावर दिवा बसवू नये. दिवा जरूर घ्यावा, चांगला घ्यावा, पण तो दुसऱ्या हातात असावा.

कारण साधं आहे. खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये हत्यार हातात मिळण्याआधी जो नियम डोक्यात ठोकला गेला, तो आपण सगळेच जाणतो. ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही. पिस्तुलावरचा दिवा हा नियम पहिल्या क्षणीच मोडायला लावतो. दिवा नळीच्या दिशेने पडतो, म्हणजे समोर कोण आहे हे पाहायचं तर आधी त्याच्यावर पिस्तूल रोखावं लागतं. ओळख नंतर, नेम आधी. क्रम उलटा झाला.

यावर कोणी म्हणेल, मग ऑपरेशनमध्ये रायफलवर दिवे कशाला लावतात? लावतात, आणि बरोबरच लावतात. पण तिथली परिस्थिती आठवा. घर परकं असतं. आतल्या साध्या माणसांना शक्यतो आधीच बाहेर काढलेलं असतं. मागे आपला बडी असतो, बाहेर घेराबंदी असते, रेडिओवर आवाज असतो. अंधारात हलणारी आकृती शत्रूची असण्याची शक्यता मोठी असते. आपल्या घरात रात्री दोन वाजता हिशेब अगदी उलटा असतो. तिथे अंधारात भेटणारा माणूस बहुधा आपलाच असतो: पाणी प्यायला उठलेली बायको, न सांगता लवकर आलेला मुलगा, बाथरूमचं बटण शोधणारा नातू.

तिरुवल्लिकेणीत तर हे अधिकच खरं. पार्थसारथी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घराला घर चिकटलेलं. अरुंद दर्शनी भाग, आत लांबच लांब खोल्या, भिंती सामाईक, कित्येक ठिकाणी जिनाही सामाईक. आजूबाजूला एकट्या पुरुषांना भाड्याने खोल्या देणारी लॉज, ज्यांना इथे ‘मॅन्शन’ म्हणतात. रात्रपाळीची मुलं अवेळी जिना चढतात, कधी चुकून दुसऱ्याच्या दाराशी खटपट करतात. त्यातल्या एखाद्यावर नळी रोखून त्याचा चेहरा पाहायचा, हा विचारच मला अस्वस्थ करतो. आणि गोळी सुटलीच, तर प्लायचं पार्टिशन तिला अडवत नाही. पलीकडे कोणाचं तरी अंथरूण असतं.

जगाला माहीत असलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. 14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे प्रिटोरियात ऑस्कर पिस्टोरियस या धावपटूने टॉयलेटच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकँप होती. घरात चोर शिरल्याचं वाटलं, खोलीत अंधार होता, असा त्याचा बचाव होता. खालच्या न्यायालयाने 2014 मध्ये सदोष मनुष्यवध धरला, पण डिसेंबर 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो खूनच ठरवला. आत कोण होतं हा मुद्दाच नाही, दारामागे जो कोणी आहे तो मरू शकतो हे गोळी झाडणाऱ्याला कळत होतं, असा त्या निकालाचा आशय आहे. बंद दारापुढे कुठलाच दिवा उपयोगाचा नव्हता. उपयोगाची होती ती एक हाक, आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात लावून पाहणं.

दुसरा धोका बोटांचा. पिस्तुलावरच्या दिव्याचं बटण चापाच्या जवळपास असतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनो शहरात 2010 मध्ये एका पोलिसाच्या गोळीने एक माणूस गेला. आपल्याला दिवा लावायचा होता, असं त्या पोलिसाचं म्हणणं होतं. तो नोकरीवर असलेला, प्रशिक्षित माणूस. झोपेतून उठलेल्या, धडधडत्या छातीच्या आणि संधिवाताच्या बोटांच्या माणसाने दोन बटणांचा हा खेळ खेळू नये.

साहेबांचा आक्षेप मात्र वजनदार होता. एका हातात टॉर्च धरली की पिस्तूल एकाच हाताने चालवावं लागतं, आणि या वयात मनगट साथ देत नाही. दिवा पिस्तुलावर असेल तर दोन्ही हात मोकळे. मुद्दा खरा आहे, आणि वेपन लाइटची हीच मोठी जमेची बाजू आहे. पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. ज्याचा एका हाताचा नेम खात्रीचा नाही, त्याने अंधाऱ्या घरात चोर शोधत फिरूच नये. त्याने झोपण्याच्या खोलीत थांबावं, घरच्यांना आत घ्यावं, कडी लावावी, 112 ला फोन करावा आणि मोठ्याने ओरडून शेजार जागा करावा. इतक्या दाट वस्तीत शंभर पावलांत शंभर माणसं गोळा होतात. तिरुवल्लिकेणीसारख्या मोहल्ल्याची ती खरी ताकद आहे.

आता सामानाबद्दल. 9 मिमी हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे सर्वसामान्य लायसन्सवर मिळतं ते .32 चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. त्यातली जुन्या धाटणीची बहुतेक हत्यारं दिवा बसवायच्या रेलशिवायच येतात. आपण नोकरीत वापरलेल्या ब्राउनिंग पद्धतीच्या 9 मिमी पिस्तुलालाही रेल नव्हती. क्लॅम्प, स्क्रू, घरगुती जुगाड करून दिवा लटकवणं म्हणजे हत्याराचा तोल आणि भरवसा दोन्ही घालवणं.

हातातली टॉर्च घेताना मोठ्या आकड्यांना भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश, कँडेला म्हणजे झोताची तीव्रता. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की समोरच्या माणसावर किती लक्स पडतात ते कळतं. 3,000 कँडेलाची टॉर्च 4 मीटरवर जवळपास 190 लक्स देते. चेहरा आणि हात दोन्ही ओळखायला ते भरपूर. पांढऱ्या भिंतींच्या 10 बाय 12 च्या खोलीत हजार लुमेनचा झोत उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात. दोन-तीनशे लुमेन पुरेत. बटण एकच असावं, मागच्या टोकाला, अंगठ्याने दाबायचं. चमकणारे मोड नकोत. मरीना किनारा जवळ, हवा खारी, म्हणून रबरी सील असलेली घ्यावी, सेल दर काही महिन्यांनी तपासावे. 2016 चं वरदा वादळ आणि 2023 चं मिचाँग पाहिलेल्या चेन्नईकराला वीज नसलेल्या रात्री टॉर्चची किंमत सांगायला नको. पिस्तुलाला स्क्रूने जखडलेली टॉर्च त्या रात्री जिन्यावर कामाची नसते.

कायदाही याच बाजूने बोलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण त्याला कलम 37 ची वेसण आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. न्यायालयात पहिला प्रश्न येईल: तुम्ही काय पाहिलंत? ‘आकृती दिसली’ हे उत्तर पुरत नाही. ‘त्याच्या हातात कोयता होता आणि तो माझ्याकडे येत होता’ हे उत्तर द्यायचं तर आधी नीट पाहिलेलं असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक लायसन्सधारकांना हत्यार जमा करावं लागतं. त्या आठवड्यांत घराचं रक्षण कोण करतं? दाराची कडी, जिन्यातला बल्ब, शेजारी आणि टॉर्च. मग उरलेल्या वर्षातही खर्चाचा क्रम तोच ठेवावा. आधी जिन्यात आणि मागच्या दाराशी सेन्सरचा दिवा, मग भक्कम कडी, मग उशाशी टॉर्च आणि चार्ज केलेला फोन. पिस्तूल सगळ्यात शेवटी, कुलपात, नातवंडांच्या हाताबाहेर.

फौजी माणूस सरावाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून एक सराव सुचवतो. पिस्तूल कुलपातच राहू द्या. रात्री मेन स्विच बंद करा, टॉर्च घेऊन झोपण्याच्या खोलीच्या दारात उभे राहा, आणि घरातल्या एकेकाला समोरून यायला सांगा. आधी हाक मारा, मग झोत हातांवर टाका, मग चेहऱ्यावर. ओळख पटायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा वेळा करा. त्यातल्या प्रत्येक वेळी समोरून आपलंच माणूस आलेलं असेल. मग ठरवा, तो झोत कशाला बांधलेला हवा.