आधी पत, मग अर्ज

पेढीवर अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी उधारी मिळत नाही. तो चार वेळा रोखीने माल नेतो, बोलल्या दिवशी येतो. मग त्याच्या नावाचे खाते उघडते. संगणक क्षेत्रातील उन्हाळी प्रकल्पांचा नियमही हाच आहे. मात्र गल्ल्याजवळ बसून तो शिकलेली मुलेही अर्ज करताना नेमका विसरतात.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते, त्याला मुक्तस्रोत म्हणतात. अशा संस्थांच्या कामात नवोदितांना अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली घेणारा ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. काम घरी बसून करावयाचे असते आणि मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावर मानधन मिळते. वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात; विद्यार्थी असण्याची अट मात्र २०२२ पासून राहिलेली नाही. संधी जवळही आहे. मांजर्लीहून लोकलने गाठता येईल अशा पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प उन्हाळी फेलोशिप देतो. तेथेही नुसती गुणपत्रिका पुरत नाही. नेमून दिलेले काम प्रत्यक्ष करून दाखवावे लागते.

गूगलच्या उपक्रमातील संस्थांची यादी साधारणतः फेब्रुवारीत जाहीर होते आणि अर्ज मार्च-एप्रिलमध्ये घेतले जातात. यादी पाहून जागा होणारा विद्यार्थी तेव्हाच मागे पडलेला असतो. दिवाळीत वहीपूजन होते, त्याच सुमारास तयारीचा आरंभ व्हावा. पूर्वी सहभागी झालेल्या एक-दोन संस्था निवडाव्यात, त्यांचे सॉफ्टवेअर वापरावे, माहितीपत्रे वाचावीत आणि एखादी लहान चूक दुरुस्त करून पाठवावी. ती दोनदा परत आली तरी खचू नये. परत पाठवणारा वाचून पाठवतो, हीच शिकवणी. प्रश्न विचारताना आपण काय करून पाहिले, ते आधी सांगावे. मार्गदर्शक बहुधा आपला मोकळा वेळ देत असतात.

अर्ज हा कर्जाच्या प्रस्तावासारखा असतो. रक्कम मागणाऱ्याने ती कशी फेडणार हे सांगावे लागते. येथे कोणत्या आठवड्यात काय पूर्ण होईल, त्याची चाचणी कशी होईल आणि अडचण आल्यास राखीव वेळ किती, हे लिहावे. परीक्षेच्या तारखा लपवू नयेत. पर्युषणात काम थांबणार असेल तर तेही आधीच नमूद करावे. आगाऊ सांगितलेली सुट्टी पत घटवत नाही, न सांगता घेतलेली घटवते. तीन अर्जांपर्यंत मुभा असली, तरी एकच मजकूर नाव बदलून तीन ठिकाणी धाडू नये. यंत्राकडून लिहवून घेतलेला प्रस्ताव तर पहिल्याच उलट प्रश्नाला उघडा पडतो.

पालकांची शंका वेगळी असते. चार महिने बिनपगारी राबून निवड झाली नाही, तर हाती काय? शंका रास्त आहे. जागा मोजक्या असतात आणि चांगले विद्यार्थीही मागे राहतात. परंतु मुक्तस्रोतात प्रत्येक स्वीकृत बदल नाव व तारखेसह नोंदला जातो. तो रोजमेळ जगासमोर उघडा असतो आणि पुढे नोकरी देणाराही तो पाहू शकतो. मात्र निवडीची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. गूगलच्या उपक्रमात अर्जाला शुल्क नाही.

म्हणून निकालाच्या दिवशी घरात केवळ ‘झाले का?’ असे विचारू नये. वर्षभरात किती दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, हेही विचारावे. त्या आकड्यात मुलाची कमावलेली पत असते, आणि पुढच्या वर्षी तो त्याच भांडवलावर पुन्हा अर्ज करू शकतो.