दोन फुटांची टाकी आणि कासव

परीक्षा संपल्या की मुलांचे हट्ट सुरू होतात. शिरूर अनंतपाळच्या जैन व्यापारी घरात कुत्र्या-मांजराला सहसा थारा नसतो. म्हणून शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात दिसणारे, तळहातावर मावणारे हिरवे कासव हा सर्वांना मान्य होणारा तोडगा वाटतो. ते आवाज करत नाही, केस गाळत नाही, शिवाय लक्ष्मी येते असा समजही त्याला जोडलेला. मुनिसुव्रत भगवंतांचे लांछन कासव, आणि पैठणचे अतिशय क्षेत्र त्यांचेच. तेव्हा आजीदेखील फारशी हरकत घेत नाही.

माल उचलण्यापूर्वी व्यापारी जो हिशेब मांडतो, तो येथे मात्र बहुधा राहून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी तीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. हे पिल्लू बहुतेक वेळा ‘रेड इअर्ड स्लायडर’ जातीचे, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. त्याची पाठ वाढून 20 ते 30 सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळले तर ते 30 वर्षेही जगते. म्हणजे हट्ट करणाऱ्या मुलाचा संसार मांडून होतो, तरी कासव आहेच. पाठीच्या दर इंचामागे सुमारे 38 लिटर पाणी असा पाळणाऱ्यांचा साधा ठोकताळा आहे. दहा इंची कासवाला त्या हिशेबाने 380 लिटर लागतात. वर चढून अंग वाळवण्यास कोरडी जागा आणि काचेतून गाळून न आलेले ऊन हवे. पाणी लवकर घाण होते, ते वारंवार बदलावे लागते. आणि ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात हा खर्च लहान म्हणता येत नाही. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये.

खरी अडचण आहाराची. या जातीची पिल्ले मुख्यतः मांसाहारी असतात. दुकानातील डबाबंद दाण्यांतही बहुधा माशांची पूड असते. घरात चालत नाही म्हणून केवळ काकडी आणि पालक दिला, तर वाढ खुंटते, कवच मऊ पडते. आकाराने लहान राहणारे मस्क कासव मर्यादित टाकीला अधिक योग्य खरे, पण तेही गोगलगायी आणि किडेच खाते. पाल्यावर जगणारे म्हणावे तर आपले स्टार कासव. ते मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरी ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. विहिरीत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या देशी कासवालाही हाच कायदा लागू. ज्याचे खाणे घराला चालेल ते ठेवता येत नाही, आणि जे बाजारात मिळते त्याचे खाणे घराला चालत नाही.

अहिंसाणुव्रताचे अतिचार श्रावकाला पाठ असतात. त्यांत पहिला बंध आणि पाचवा अन्नपाननिरोध. छप्पन्न लिटरांची टाकी आणि पालकाची जुडी यांत दोन्ही एकत्र येतात, तेही कोणाच्या मनात काडीचे वाईट नसताना.

कासव मोठे झाले की ‘जीवदया’ म्हणून ते घरणी प्रकल्पात किंवा मंदिराच्या कुंडात सोडण्याचा विचार येतो. तेथे अधिक जपावे. पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडण्याची रीत आहे. मिसिसिपीच्या जिवाचे घरणीशी काही नाते नाही. जगातील अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ही जात आहे. देशी कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा ती बळकावते. घरी आधीच असेल तर गच्चीवर किंवा परसात, अर्ध्या भागावर सावली असलेला सिमेंटचा मोठा हौद बांधावा, कड उंच ठेवावी आणि त्याला त्याचा आहार देणारे कोणी घरात नसेल, तर तसा सांभाळ करू शकणारा माणूस शोधावा.

मुलांना कासव पाहायचेच असेल तर पावसाळ्यात तळ्याकाठी शांत बसल्यास देशी कासव पाण्याबाहेर नाक काढताना दिसते. रस्त्यावर आलेले आढळले, तर ते ज्या दिशेला निघाले होते त्याच बाजूच्या कडेला ठेवावे. जखमी असल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.