‘घरात मराठी बंद करा’ हा उपचार नाही

माझा भाचा चार वर्षांचा झाला तरी दोन शब्दांच्या पुढे जात नव्हता. ‘आई पाणी.’ ‘गाडी गेला.’ ताई त्याला पुण्यातल्या एका स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये घेऊन गेली. कान तपासले, ठणठणीत निघाले. मग चित्रांचं पुस्तक समोर आलं. त्यात स्नोमॅन होता, टोस्टर होता. भाचा गप्प. विळी, चाळणी, सूप हे सगळं तो बोट दाखवून ओळखतो, पण ते कुणी विचारलंच नाही. शेवटी सल्ला मिळाला: ‘दोन भाषांमुळे मूल गोंधळलंय. शाळा इंग्रजी आहे ना? मग घरात मराठी बंद करा.’

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं बंद झालं ते माझ्या आईचं. ती अकोल्याची. नातवाला सांभाळायला पुण्यात आली होती आणि दिवसभर त्याच्याशी वऱ्हाडीत बोलायची. ‘काऊन रे बाप्पा, कायले रुसला?’ म्हणत समजूत काढायची, गोष्टी सांगायची, भाजी निवडतानाही बडबडायची. आता तिच्याकडे चारच शब्द उरले: कम, सिट, ईट, नो. ज्या मुलाला जास्त भाषा हवी होती, त्याच्या घरातलं सगळ्यात बोलकं माणूस आम्ही फी भरून म्यूट केलं.

हा सल्ला चुकीचा आहे. ‘माझ्या मते’ वगैरे नाही, चुकीचाच. कॅनडातल्या योहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली भाषाविकार असलेल्या साधारण सात वर्षांच्या मुलांची तुलना केली. काही मुलं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी, काही एकच भाषा बोलणारी. व्याकरणाच्या चुकांमध्ये दोन भाषावाली मुलं मागे नव्हती. अडचण तीच आणि तेवढीच. दुसऱ्या भाषेने ती वाढली नव्हती.

आता हा विकार म्हणजे काय ते बघू. ऐकू नीट येतं, ऑटिझम नाही, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा शिकणं सतत जड जातं. याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीएलडी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात झालेल्या मोठ्या पाहणीत शंभरातली सुमारे सात मुलं अशी आढळली. हे लाडाने होत नाही, आळसाने होत नाही, आणि बहुतेकदा मोठेपणी आपोआप जातही नाही. वर्गातला ‘ढ’, मुलाखतीत लांबलचक प्रश्न ऐकून गोंधळणारा, मीटिंगमध्ये कायम गप्प बसणारा, यांच्यात असं न ओळखलं गेलेलं एखादं मूल असू शकतं.

आणि इथेच खरी मेख आहे. विकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांमध्ये दिसतो. घरची भाषा फर्डी आणि फक्त इंग्रजी कच्ची असेल, तर तो विकार नाही, इंग्रजी कमी कानावर पडलीय इतकंच. म्हणजे घरची भाषा तपासल्याशिवाय निदान होऊच शकत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चुकीची टेस्ट केस लावून ‘कोडमध्ये बग आहे’ म्हणणाऱ्याला आम्ही रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. क्लिनिकमध्ये मात्र आपण मान डोलावून बाहेर येतो.

भाषांतर करूनही काम भागत नाही. इंग्रजी चाचणी क्रियापदाचे ‘एड’ आणि ‘एस’ तपासते. मराठीत मूल अडखळतं का हे बघायला वेगळ्या जागा आहेत: ‘गाडी गेली’ की ‘गाडी गेला’, ‘घोड्याला’ की ‘घोडाला’, ‘दादाने पोळी खाल्ली’ की ‘खाल्ला’. माझ्या भाच्याची ‘गाडी गेला’ ही चूक नेमकी तिथली होती. ती कुणी टिपली नाही. उलट आजीकडून शिकलेलं ‘पानी’ मात्र उच्चारदोष म्हणून लिहिलं गेलं. बोली म्हणजे आजार नव्हे, हे अजून किती वर्षं सांगायचं?

मोठ्यांचीही हीच कथा. मित्राचे वडील एसटीत कंडक्टर होते. स्ट्रोकनंतर अफेझिया झाला, म्हणजे समजतं बऱ्यापैकी, पण शब्द हाती लागत नाही. त्यांना सरावासाठी इंग्रजी अ‍ॅप दिलं गेलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या बॉस्टन नेमिंग टेस्टमध्ये प्रेट्झेल आणि इग्लूची चित्रं आहेत. सोलापूरच्या माणसाला स्ट्रोकच्या आधी तरी प्रेट्झेल आठवलं असतं का? अफेझियात वर्षानुवर्षं घोकलेले शब्द, आकडे, गाणी पुष्कळदा शाबूत राहतात. या माणसाने तीस वर्षं थांब्यांची नावं ओळीने पुकारली. सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

कायदाही तोकडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या आहे, पण ते कायमचं आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेलं हवं. डीएलडीची तर ओळखच ही की असं ठळक कारण सापडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविलंबाची तपासणी आहे. तो २०१३ साली सुरू झाला पालघरमधून, जिथे कितीतरी मुलांच्या घरी वारली बोलतात. या मुलांची भाषा तपासायची तर वारलीतूनच तपासायला हवी.

‘थेरपिस्ट थोडे, भाषा भरपूर, जमणार कसं?’ हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. थेरपिस्टला प्रत्येक बोली यायलाच हवी असं नाही. घरच्यांना विचारता येतं, घरातल्या गप्पा रेकॉर्ड करून मागवता येतात, आजीला खोलीत बसवता येतं. मुंबईत नायर रुग्णालयात हा विषय १९६० च्या दशकापासून शिकवला जातोय, वांद्र्याला १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे. या क्षेत्रात महाराष्ट्र काही कालचा नाही. आणि आम्ही अ‍ॅपवाले तर कारण सांगूच नये. बटणांवरचे शब्द मराठी केले की अ‍ॅप मराठी झालं, हा आमचा आळस आहे.

ताईने थेरपिस्ट बदलली. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी आईला आत बोलावलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही रोज बोलता तसंच बोला.’ चमत्कार झाला नाही. भाचा अजून अडखळतो, कदाचित पुढेही अडखळेल. पण आता त्याला निदान मिळालंय, आणि घरात त्याच्याशी बोलणारं माणूस परत मिळालंय.

तुमच्या घरात कुणी लहान किंवा मोठं अशा क्लिनिकमध्ये जाणार असेल, तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: तपासणी कोणत्या भाषेत करणार? आणि उत्तरात ‘घरात मराठी बंद करा’ आलं, तर फी खिशात ठेवा आणि उठा.