माईक बंद करा, खोली उघडा

गेल्या गणपतीत आमच्या बदलापूरच्या सोसायटीत आठवीतल्या एका मुलीने स्टेजवर व्हायोलिन वाजवलं. पाच वर्षं शिकतेय. तिला चार मिनिटं मिळाली होती. आधी छोट्यांचा डान्स, नंतर पैठणीचा खेळ. साउंडवाल्याने निवेदकाचाच माईक व्हायोलिनसमोर धरला, एकोसकट. दुसऱ्या मिनिटाला स्पीकरने कर्कश शिट्टी मारली. तिसऱ्या मिनिटाला ‘जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या’ झालं. खाली उतरल्यावर आई म्हणाली, “छान वाजवलंस गं.” मुलीने विचारलं, “तुला ऐकू आलं?”

कोणालाच ऐकू आलं नव्हतं. चारशे माणसं होती, दोन भिंतीएवढे स्पीकर होते, आणि पाच वर्षांची मेहनत ऐकायला एकही कान नव्हता.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे मैदान, स्टेज, बॅनर आणि बेस. यात वाईट माणसं कोणी नाहीत. पण आणखी एक मोठा महोत्सव आमच्या काही कामाचा नाही. आम्हाला चाळीस खुर्च्यांची, माईक नसलेली एक खोली हवी आहे. आणि अशी खोली गल्लीतल्या चर्चमध्ये तयार आहे, असं माझं म्हणणं आहे.

हे डोक्यात शिरलं गोव्यात. जुन्या गोव्यात टेकडीवर ‘अवर लेडी ऑफ द माउंट’चं चॅपल आहे. फुंदासाव ओरिएन्त ही पोर्तुगीज संस्था तिथे मोंते म्युझिक फेस्टिव्हल भरवते. पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी, दोन्ही संगीत असतं. मित्राने ओढून नेलं म्हणून मी गेलो. मला व्हायोलिन आणि व्हिओलातला फरकही माहीत नव्हता. पण वाजवायला सुरुवात करण्याआधी वादकांनी एकमेकांकडे बघून एकत्र श्वास घेतला, आणि तो श्वास मला ऐकू आला. गज तारेला टेकताना होणारी खरखर ऐकू आली. सूर थांबल्यावरही दगडी भिंतींनी तो क्षणभर धरून ठेवला. मी रोज आठ तास कानात इअरबड घालून कोड लिहितो. माझ्या कानांना एवढं बारीक ऐकता येतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

चेंबर म्युझिक म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. हात हलवणारा कंडक्टर नाही, म्हणून एकमेकांचा श्वास ऐकावा लागतो. हायडनने अशा चौघांसाठी साठाहून जास्त रचना केल्या. आपल्याकडे याला बैठक म्हणतात. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा एका तारेतून सुरांचा थवा उठतो. तो थवा खोलीतच दिसतो. मैदानात तानपुऱ्याचं काम मोबाइलमधलं ॲप करतं आणि कोणाला फरक कळत नाही.

आता आक्षेप. मला तीन ऐकायला मिळतात.

पहिला: “चर्चमधलं संगीत आपलं नाही.” मग हिंदी सिनेमाची जुनी गाणी ऐकणं सोडा. त्यातली व्हायोलिनं वाजवणारे कितीतरी वादक गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये नोटेशन शिकून मुंबईला आले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यातून घरोघरी पोचवलं. याच गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक बसवून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. आणि मराठी चर्चमध्ये तर नारायण वामन टिळकांमुळे अभंगाचा छंद आणि कीर्तन शंभर वर्षांपूर्वीच पोचलंय. ‘आपलं’ची भिंत संगीताने कधीच मानली नाही. आपणच ती नव्याने बांधतोय.

दुसरा: “इथे रसिक कुठेत?” शेजारच्या कल्याणात गायन समाज १९२६ सालापासून आहे. म्हणजे हा पट्टा बहिरा नाही. उल्हासनगर ज्यांनी वसवलं ते सिंधी निर्वासित कॅम्पच्या बराकींमध्ये राहिले आणि सोबत सूफी कलाम, भगत घेऊन आले. त्यांचे दरबार आणि टिकाणेही अशाच खोल्या आहेत. अंबरनाथच्या १०६०च्या शिवमंदिराला सभामंडप आहे, तो काही ट्रस चढवायला बांधलेला नाही. (तिथे मैफल करा असं म्हणत नाही, ते संरक्षित स्मारक आहे, त्याला आपल्या उत्साहापासूनही संरक्षण हवं.) रसिक आहेत. ते सीएसएमटीहून ६८ किलोमीटरवर राहतात, एवढंच. दक्षिण मुंबईतली मैफल नऊला संपली तर घरी पोचायला अकरा वाजून जातात आणि सकाळी पुन्हा सात बाराची लोकल असते. अशा माणसाला ‘आवड नाही’ म्हणणं हा अपमान आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक: “चाळीस लोकांसाठी एवढी खटपट कशाला?” आम्ही आयटीवाले याला चुकीचा मेट्रिक म्हणतो. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे सांगून मिटिंगमध्ये टाळ्या मिळतात. किती जणांनी दुसऱ्यांदा उघडलं, हे कोणी विचारत नाही. मोठ्या महोत्सवांना माझा विरोध नाही. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हजारो लोक आजही कान देऊन ऐकतात. पण ते कान आधी लहान बैठकींत तयार झालेले असतात. आपण पाया न खणता थेट गच्चीवर लाइटिंग करतोय.

आणि खटपट तरी किती? स्पीकर नाही, म्हणजे जनरेटर नाही, ट्रस नाही, बॅनरवर कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली हे भांडण नाही. नियमाप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. लाउडस्पीकरच नसेल तर तो अर्जही नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्या मिरवणुका ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशीच ओलांडतात.

चर्च हे आधी प्रार्थनेचं घर आहे, हे मान्यच. कॅथलिक चर्चमधल्या मैफलींबद्दल व्हॅटिकनने १९८७ साली पत्रकच काढलंय: संगीत भक्तीचं असावं, प्रवेश मोफत असावा. मला ही अडचण वाटत नाही. बाखची भक्तिगीतं आत होऊ दे, मोफत. बाकीचं शेजारच्या पॅरिश हॉलमध्ये. दोन्ही अटी पाळल्या तर तिकीट काढणारा आणि रील काढणारा, दोघेही आपोआप गळतील.

गेल्या महिन्यात मी आमच्या जवळच्या चर्चच्या फादरना भेटलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आवाज किती होईल?”

मी म्हटलं, “फादर, पंख्यापेक्षा थोडा जास्त.”

ते वर बघत म्हणाले, “मग पंखे बंद ठेवावे लागतील. डिसेंबरात करू.”

कार्यक्रमात पहिलं नाव आठवीतल्या मुलीचं आहे. चार नाही, वीस मिनिटं. तिने आत्तापासून एकच अट घातलीय: कोणी तिच्यासमोर माईक धरायचा नाही. तुमच्या गल्लीत चर्च असेल, दरबार असेल, वाचनालयाची वरची खोली असेल, तर जाऊन विचारा. फार तर नाही म्हणतील.