हाताची परीक्षा

परिचारिका होऊं इच्छिणाऱ्या मुलीची परीक्षा घ्यावयाची म्हणजे नेमकें काय पाहावयाचें, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. शरीरशास्त्राचे चार प्रश्न विचारावे, उत्तरपत्रिका तपासाव्या, गुण द्यावे, कीं झालें! परंतु आपल्या घरांतील बाळंतिणीच्या उशाशीं जी बाई येऊन बसणार, तिनें ‘निर्जंतुक’ या शब्दाची व्याख्या बिनचूक लिहिली होती एवढ्यावर आपलें समाधान होईल काय? बाळाला उचलण्यापूर्वी तिनें हात धुतले किंवा नाहीं, हेंच आपण आधीं पाहूं. शुश्रूषा ही हाताची विद्या आहे, आणि हाताची परीक्षा कागदावर होत नाहीं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं हें पुरतें ओळखलें होतें. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची शाळा निघाली. तेथें प्रत्येक विद्यार्थिनीचा एक मासिक तक्ता भरला जाई. त्यांत वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा व नीटनेटकेपणा या गुणांबरोबरच जखम बांधणें, जळवा लावणें, असहाय रोग्यास हलविणें अशीं प्रत्यक्ष कामें असत, आणि प्रत्येकापुढें ‘उत्कृष्ट’ पासून शून्यापर्यंत शेरा मांडला जाई. पद्धत उत्तम खरी. परंतु शेरा देणारा डोळा एकच. बाईंची मर्जी ज्या मुलीवर असेल तिचा शेरा चांगला, हा दोष तींत राहणारच. पुढें प्रात्यक्षिक परीक्षा आल्या, तरी कुणाच्या वांट्यास शांत रोगी येई तर कुणाच्या वांट्यास चिडका; एक परीक्षक मायाळू, तर दुसरा जमदग्नि. यश अंगच्या कौशल्यावर किती व नशिबावर किती, हें सांगणें कठीण होई.

यावर स्कॉटलंडमधील डंडी येथील अध्यापक रोनल्ड हार्डेन यांनीं १९७५ सालीं एक तोड सुचविली. ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीं होती, पण परिचारिकांच्या शाळांनींही ती उचलली. एकाच मोठ्या परीक्षेऐवजीं लहान लहान ठाणीं मांडावयाचीं. एका ठाण्यावर नाडी व रक्तदाब, दुसऱ्यावर सुई टोंचणें, तिसऱ्यावर घाबरलेल्या आईस समजावणें. घंटा होतांच विद्यार्थिनीनें पुढच्या ठाण्यावर जावें. सर्वांस काम तेंच, वेळ तोच, आणि परीक्षकाच्या हातीं पायऱ्यांची यादीही तीच. अशा रीतीनें अनेक डोळे अनेक कामें पाहतात, व एकाची मर्जी किंवा गैरमर्जी निकालावर स्वार होत नाहीं.

मात्र यादीच्या नुसत्या बेरजेवर विसंबूं नये. समजा, सुई टोंचण्याच्या वीस पायऱ्या आहेत. एक मुलगी रोग्याशीं दोन गोड शब्द बोलावयास विसरली, आणि दुसरी बाटलीवरील औषधाचें नांव वाचावयास विसरली. दोघींसही एकोणीसच गुण; पण पहिलीच्या हातून रोगी थोडा खट्टू होईल, दुसरीच्या हातून कदाचित् दगावेल. म्हणून जाणते शिक्षक कांहीं पायऱ्या अशा ठरवितात कीं, ती एक चुकली तर बाकीच्या साऱ्या बरोबर असूनही मुलगी अनुत्तीर्ण. हें निर्दयपणाचें वाटेल. परंतु येथें दया कुणावर करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक मर्यादा जॉर्ज मिलर या अमेरिकन अध्यापकांनीं १९९० सालीं दाखविली. माहीत असणें, कसें करावें हें माहीत असणें, परीक्षकापुढें करून दाखविणें, आणि रोजच्या कामांत खरोखर करणें, अशा चार पायऱ्या त्यांनीं मांडल्या. परीक्षेची खोली तिसरीपर्यंतच पोंचते. चौथी पाहावयाची तर शिक्षकास रोग्याच्या दारींच गेलें पाहिजे.

ही चौथी पायरी आपल्याच मुलखांत कशी गांठली गेली, तें पाहण्याजोगें आहे. १९८२ सालीं चांदा जिल्ह्यांतून गडचिरोलीचा जंगली भाग वेगळा झाला. तेथें १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था काम करीत आहे. अर्भकांचा न्युमोनिया ओळखावयाचा तर मिनिटांतील श्वास मोजावे लागतात, आणि गांवच्या सुइणींना तितके आंकडे येत नव्हते. तेव्हां एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मण्यांच्या ओळी असें साधें साधन बनविण्यांत आलें. दहा श्वासांस एक मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला तर मूल धोक्यांत समजावें. सुईण आंकडे म्हणते कीं नाहीं हें पाहण्याऐवजीं ती आजारी मूल ओळखते कीं नाहीं हें पाहिलें गेलें. परीक्षा कशाची घ्यावयाची याचा याहून स्वच्छ धडा क्वचितच सांपडेल.

पुढें थोडें शिकलेल्या खेडुत स्त्रियांस ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यांत आलें. तान्ह्या बाळाचें वजन घेणें, गुदमरलेल्यास श्वास देणें, जंतुदोष ओळखून सुईनें औषध देणें, हीं कामें त्यांनीं झोपड्यांतून केलीं. असल्या हातीं सुई देणें धाडसाचें होतें. त्यासाठीं पक्कें शिक्षण व गांवोगांव जाऊन होणारी देखरेख हवी होती. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें फल प्रसिद्ध झालें : ३९ गांवांत, तुलनेच्या गांवांच्या मानानें, नवजात बालकांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरीं भेटी देतात.

तेव्हां आपल्या कन्येस वा सुनेस परिचारिकेच्या शाळेंत घालतांना वसतिगृह व फी यांबरोबरच एवढें अवश्य विचारावें : येथें मुलींचें काम किती वेळां, किती जणांकडून पाहिलें जातें? चूक तेव्हांच दाखविली जाते, कीं वर्षअखेर गुणपत्रिकेंतच कळते? आणि घरीं कुणी परिचारिका आली, तर प्रमाणपत्र मागण्याबरोबर तिचे हात पाहावे. ती हात धुते काय, श्वास पुरें मिनिटभर मोजते काय, औषधाचें नांव वाचून मगच बाटली उघडते काय? हीं तीन उत्तरें ‘होय’ अशीं आलीं, तर तिच्या गुरूनें आपलें काम चोख केलें आहे असें खुशाल समजावें.