तुरीचा बेवड आणि दिल्लीचे आदेश

मागच्या अंकात मलावीतल्या तूर-भुईमूग प्रयोगांवरचा लेख छापला आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला. सूर सगळ्यांचा एकच: आफ्रिकेची तूर आमचे भाव पाडते आणि तुम्ही तिकडच्या पिकाचे कौतुक छापता! राग समजण्यासारखा आहे. मोझांबिककडून दरसाल 2 लाख टन आणि मलावीकडून 50 हजार टन तूर घेण्याचे करार दिल्लीने केले. तो माल ऑगस्टपासून बंदरांत उतरू लागतो आणि आपली नवी तूर मोंढ्यात येईपर्यंत गोदामे भरलेली असतात. पण हा राग मलावीच्या शेतकऱ्यावर काढण्यात अर्थ नाही. त्यालाही सरकारी कार्यालयांनीच रडवले आहे.

लेख आयातीवर नव्हता, बेवडावर होता. भुईमुगात लांब कालावधीची तूर. भुईमूग एप्रिलच्या सुमारास निघतो, तूर जमिनीतल्या ओलीवर जुलै-ऑगस्टपर्यंत उभी राहते, पाला तिथेच गळतो आणि पुढच्या हंगामात त्याच वावरात मका. संशोधक सिग्लिंड स्नॅप आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मलावीतल्या देशभरच्या चाचण्यांतून दाखवले, की तुरीसारखी झुडपी कडधान्ये फेरपालटात घेतली तर निम्म्या खतावर सलग मक्याइतकेच धान्य येते, शिवाय उत्पादनाचा सालोसालचा चढउतारही घटतो. तांबड्या जमिनीत लोहाने बांधून ठेवलेले स्फुरद तुरीची मुळे पिसिडिक आम्लाने सोडवतात, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संशोधन संस्थेतल्या कामातून 1990 मध्येच जगापुढे आले होते. म्हणजे ज्ञान तयार आहे, वाणही आहेत. अडले आहे ते खताच्या गोणीपाशी.

मलावीत 2005-06 पासून खत अनुदानाची योजना चालते. वर्षानुवर्षे तिचा मेनू ठरलेला: पायाला 23:21:0 अधिक 4 टक्के गंधक, वरखताला युरिया, 50 किलोची एकेक गोणी. पालाश शून्य, जस्त नाही. पुढे पालाश आणि जस्त घातलेली श्रेणी आली खरी, पण तीही साऱ्या देशाला एकच. शिरे खोऱ्यातली आपल्यासारखी काळी जमीन असो की कासुंगूची रेताड, अनुदानाच्या कूपनावर छापलेले तेच खत घ्यायचे. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो. निविदा, वाहतूक आणि परकीय चलनाच्या घोळात कित्येकदा गोणी पोचते तेव्हा मका गुडघ्याला लागलेला असतो. पायाचे खत गुडघाभर पिकाला घालण्याची शिफारस कुठल्या संशोधन केंद्राने केली आहे, हे आम्हाला कुणी सांगावे.

याहून मोठा विनोद 2020 चा. जुन्या योजनेत निदान कडधान्याच्या बियाण्याची एक पुडी होती. नवी योजना आली, लाभार्थी कुटुंबे सुमारे 9 लाखांवरून 35 लाखांच्या पुढे गेली आणि पुडी गळाली. नव्या यादीत खत आणि तृणधान्याचे बियाणे, बस्स. जमिनीत सेंद्रिय कर्ब उरलेला नाही म्हणून खताला प्रतिसाद मिळत नाही, असे मृदाशास्त्रज्ञ घसा फोडून सांगत असताना जमिनीला पाला देणारे पीकच यादीतून काढायचे! 2006 मध्ये अबुजाला आफ्रिकी राष्ट्रांनी खतातून हेक्टरी 8 किलो अन्नद्रव्यांवरून 50 किलोवर जाण्याची शपथ घेतली, मुदत 2015 ची. ती हुकली. 2024 च्या मे महिन्यात नैरोबीला पुन्हा जाहीरनामा निघाला. या वेळी त्यात मृदा आरोग्याचे नाव आले, एवढीच प्रगती.

एक अडचण मात्र कुठल्याच जाहीरनाम्यात नाही: शेळ्या. मका निघाला की गावच्या शेळ्या मोकळ्या सुटतात आणि त्या वेळी शिवारात हिरवी उभी असते ती फक्त तूर, तीही फुलोऱ्यात. एकट्याने तूर लावली तर शेळ्यांचीच सोय. गावप्रमुखाने चराईबंदी घातली तर तूर टिकते. संशोधन केंद्राच्या कुंपणाआड हा प्रश्न दिसत नाही.

आता आपल्या दिल्लीकडे वळू. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा धावत जाऊन जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी करार झाला. त्याच हंगामात इथे तुरीचे विक्रमी पीक आले. बोनससह हमीभाव 5,050 रुपये, बाजारात त्याहून कितीतरी कमी आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून तूर उघड्यावर. मग 5 ऑगस्ट 2017 रोजी आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा आली. सरकारी करारांतला माल तिच्यातून वगळला, पण मलावीचा करार तेव्हा झालेलाच नव्हता. तिथे त्या दिवसांत तूर खळ्यावर होती. भाव कोसळले. मे 2021 मध्ये पुन्हा दारे सताड उघडी. ज्याने शास्त्रज्ञांचे ऐकून फेरपालटात तूर घेतली, तोच मार खातो, मग तो मलावीतल्या थायोलोचा असो की लातूरचा. दोघेही पेरतात आधी, आदेश येतो नंतर.

म्हणून मागणी एकच हवी: तुरीच्या वर्षभराच्या आयातीचे प्रमाण आणि शुल्क मे महिना संपण्यापूर्वी जाहीर करा, आणि पुढच्या मेपर्यंत त्याला हात लावू नका. शेतकरी संघटनांनी हे लावून धरावे. नुसते ‘आयात बंद करा’ म्हणून भागणार नाही, कारण बंद केलेली आयात डाळ महागताच उघडते, हे आपण पाहिले आहे.

आणि आपल्या संशोधक मंडळींनाही सोडता येत नाही. आमच्याकडे तुरीच्या चाचण्यांचे लेख येतात, त्यांतल्या तक्त्यांत उत्पादन असते, मरीचे टक्के असतात, लाभ-खर्च गुणोत्तर असते. तुरीनंतरच्या ज्वारीला किंवा कपाशीला काय मिळाले, तो रकाना नसतो. मलावीत दोन-दोन हंगाम थांबून तो भरला जातो. आपला प्रकल्प मार्चअखेरीस संपतो आणि प्लॉट नांगरला जातो. तुरीच्या बेवडाची किंमत आकड्यांत मांडल्याशिवाय कोणतेही मंत्रालय ती धरणार नाही.

ज्यांच्या शेतावर किंवा केंद्रावर तुरीनंतरच्या पिकाच्या नोंदी असतील, त्यांनी त्या आमच्याकडे पाठवाव्यात. माती परीक्षणाचे आधीचे-नंतरचे आकडे, पिकाला दिलेले खत आणि निघालेले उत्पादन एवढे पुरे. लेख लिहायची गरज नाही, वहीचे पान पाठवले तरी छापू.